दोन पंप मारून लागतो, तो ब्रेक नव्हे



कृषी खात्याचा माणूस गाडीच्या ब्रेकवर काय लिहिणार, असं तुम्हाला वाटेल. पण माझी निम्मी नोकरी तुमच्या जुन्या जीप आणि पिकअपमधून फिरण्यात गेली आहे. जे पाहिलं ते सांगितलं पाहिजे, म्हणून आज पीक बाजूला ठेवतो.

मागच्या कांद्याच्या हंगामात एका शेतकऱ्याच्या जुन्या जीपमधून आम्ही घाट उतरत होतो. मागे गोण्या, गोण्यांवर दोन मजूर. पहिल्याच वळणावर मालकानं पायडल दोनदा दाबलं. मी विचारलं, ‘‘का हो, ब्रेक खाली जातोय का?’’ तो हसून म्हणाला, ‘‘साहेब, दोन पंप मारले की लागतो. वर्षभर असंच चाललंय.’’ मी गप्प बसलो, ही माझी चूक. पुढच्या वळणावर दोन पंप मारूनही ब्रेक लागला नाही. गिअर खाली आणला, हँडब्रेक ओढला आणि गाडी डोंगराकडच्या चारीत घातली, तेव्हा कुठं ती थांबली. चार गोण्या फुटल्या, माणसं वाचली. दरीकडची बाजू असती तर हा लेख लिहायला मी नसतो.

नंतर मिस्त्रीनं मागचं चाक उघडलं. आतल्या व्हील सिलिंडरमधून तेल झिरपत होतं. मालक दर आठवड्याला वरची डबी भरत होता आणि समाधानी होता!

बंधूंनो, पान पिवळं पडलं की आपण युरिया टाकतो. पण पान नत्र कमी पडल्यानं पिवळं पडतं, लोह कमी पडल्यानं पडतं आणि मुळाशी पाणी साचल्यानंही पडतं. ब्रेकचं तसंच आहे. पायडल नरम होण्याची कारणं चार आणि आपला उपाय मात्र एकच, तेल ओता. आधी निदान, मग औषध.

ब्रेकच्या नळीतलं तेल दाबलं जात नाही, म्हणून पायाचा जोर चारी चाकांपर्यंत पोचतो. नळीत हवा शिरली तर हवा दबते आणि जोर वाटेतच जिरतो. एवढं ध्यानात ठेवा. आता गाडी सपाट जागी उभी करा, चाकांना दगड लावा आणि इंजिन बंद ठेवून तपासा.

पहिलं, डबी बघा. तेल कमी झालं असेल तर कुठंतरी गळती आहे, नाहीतर लायनर झिजले आहेत. ब्रेकचं तेल उडून जात नाही. चाकांच्या आतली बाजू, नळ्यांचे जोड आणि रबरी हौज पाईप चाचपून पाहा. ओलसर लागलं तर निदान झालं. पायडलच्या वर मास्टर सिलिंडरच्या मागंही बोट फिरवा, तिथली गळती सहसा दिसत नाही.

दुसरं, पायडल एकसारखं दाबून अर्धा-एक मिनिट धरा. पाय हळूहळू खाली जात असेल आणि बाहेर कुठंच गळती नसेल, तर मास्टर सिलिंडरमधले रबर गेले आहेत.

तिसरं, भराभर दोन-तीनदा दाबा. पायडल वर आलं पण पायाखाली रबराच्या चेंडूसारखं लागलं, तर नळीत हवा आहे. वर येऊन टणक झालं, तर बहुधा ड्रममधले लायनर झिजून अंतर वाढलं आहे, ते सेट करावं लागेल. हवा काढायची आणि लायनर सेट करायचे, ही दोन वेगळी कामं आहेत. एकाच्या जागी दुसरं करून पैसा जातो, दोष राहतो.

चौथं, सकाळी ठीक आणि घाट उतरल्यावर नरम, असं होत असेल तर तेल जुनं झालं आहे. हे तेल हवेतला ओलावा शोषतं. डॉट ३ दर्जाचं नवं तेल २०५ अंशांच्या खाली उकळत नाही. पाणी मुरलं की तेच १४० अंशांच्या आसपास उकळू शकतं. वाफ झाली की ती हवेसारखीच दबते. म्हणून दर दोन वर्षांनी सगळं तेल बदला.

डबीत इंजिन ऑइल, डिझेल काहीही ओतू नका आणि रॉकेलनं सिलिंडर धुऊ नका. आतले रबर फुगतात आणि सगळीच व्यवस्था बाद होते. हवा काढताना निघालेलं तेल पुन्हा भरू नका. डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये उतार उतरणं तर साफ बंद करा.

काहीजण म्हणतील, गाडीचं पासिंग झालंय ना! खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, नंतर नूतनीकरण ५ वर्षांचं. मधल्या काळात तुमचा ब्रेक तपासायला कुणी येत नाही. त्यातून कित्येक जुन्या जीपमध्ये चारी चाकांना तेलाचा एकच मार्ग असतो. एक नळी फुटली की चारी चाकं गेली.

सरपंच आणि ग्रामसेवकांनाही विनंती आहे. आपल्या गावच्या गाड्यांतून मजूर जातात, शाळेची पोरं जातात, वऱ्हाड जातं. हंगामाच्या तोंडाला एक दिवस ठरवा, जवळचा चांगला मिस्त्री बोलवा आणि गावातल्या जुन्या गाड्या चावडीपुढं उभ्या करा. वर सांगितलेल्या तपासणीला गाडीमागं पंधरा-वीस मिनिटं पुरतात. ज्या गाडीचा ब्रेक नरम, तिच्यात दुरुस्ती होईपर्यंत माणूस बसवायचा नाही, एवढा नियम गावानं स्वतःच करावा.

आजारी बैलाला आपण गाडीला जुंपत नाही. नरम ब्रेकच्या गाडीत मात्र माणसं भरतो. उद्या सकाळी चावी फिरवण्याआधी पायडलवर पाय ठेवून पाहा. खाली गेला, तर बाजार एक दिवस चुकला तरी चालेल.