चूक पालकांची नाही, दाराची आहे

शिष्यवृत्ती अडली की एकच उत्तर ऐकू येतं, "पालकांनी माहिती नीट भरली नाही." नगर जिल्ह्यात उर्दू-मराठी शिकवताना मुलांचे ऑनलाइन अर्ज भरण्याचं कामही आम्हा शिक्षकांच्याच गळ्यात असतं. म्हणून सांगते, हे उत्तर अनेकदा खोटं असतं.

दोन सॉफ्टवेअर एकमेकांशी ठरलेल्या दारातून बोलतात. त्याला एपीआय म्हणतात. तिथं प्रत्येक माहितीचा प्रकार, म्हणजे डेटा टाइप, ठरलेला असतो: इथं संख्या, इथं मजकूर, इथं तारीख. प्रकार चुकला तर दारानं अडवावं आणि कारण सांगावं. पण मी पाहिलेल्या एका पोर्टलवर प्रत्येक चुकीला वेगळा न्याय होता. तारीख उलटी पडली तर लाल अक्षरात 'अवैध'. आडनावाचा रकाना रिकामा राहिला तर नुसतं 'काहीतरी चुकलं'. कुठं, ते नाही. आणि खाते क्रमांक शून्यानं सुरू होणारा असला तर तक्रारच नाही. शून्य गुपचूप गळतं, हिरवी खूण येते आणि पैसे जमा होत नाहीत.

पहिल्या दोन चुका त्रास देतात, तिसरी घात करते. एक्सेल वापरणाऱ्या शिक्षकांना याचं कारण ठाऊक आहे. रकाना 'टेक्स्ट' केला नाही तर पुढचं शून्य उडतं, १२ अंकी आधार क्रमांक 'ई+११' असा आखडून दिसतो आणि १६ अंकी क्रमांकाच्या शेवटी शून्य येऊन बसतं. ज्या आकड्यांची कधी बेरीज करायची नसते, ते मजकूर म्हणूनच ठेवायला हवेत.

"सॉफ्टवेअर म्हटलं की असं चालायचंच," असं म्हणणाऱ्यांनी पीएचपी या भाषेकडे पाहावं. असंख्य वेबसाइट तिच्यावर चालतात. तिच्यात आपण लिहिलेल्या फंक्शनला मजकुराऐवजी यादी दिली तर काम थांबायचं. भाषेच्या स्वतःच्या बहुतेक फंक्शनला दिली तर फक्त इशारा मिळायचा आणि काम पुढं सरकायचं. नोव्हेंबर २०२० मध्ये आलेल्या ८.० आवृत्तीनं हा दुजाभाव काढला. आता दोन्हीकडे सारखीच स्पष्ट चूक दाखवली जाते. म्हणजे दुरुस्ती शक्य असते, फक्त करायची इच्छा लागते.

आपल्यातले काही जण म्हणतात, आपली नावं पाहून अडवतात. आधारवर एकच नाव असलेल्या आपल्या बायका-मुलींना आडनावाचा रकाना जास्त छळतो, हे खरं. पण गळणारं शून्य नाव विचारत नाही. शेखचंही गळतं, शिंदेचंही. जामखेड-पाथर्डीकडचा बाप एका दिवसाची मजुरी बुडवून बँकेत खेटे घालतो, तेव्हा त्याची जात-जमात कोणतीही असो, दिवस बुडतोच. ही लढाई एकट्यानं लढायची नाही.

मागणी साधी आहे. चूक कोणत्या रकान्यात आहे आणि तिथं काय हवं, हे मराठीत आणि उर्दूत दिसावं. न सांगता माहिती बदलू नये. पुढच्या वेळी हिरवी खूण आली तरी जतन झालेला खाते क्रमांक पासबुकाशी ताडून पाहा, स्क्रीनचा फोटो घ्या आणि शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव करून गटशिक्षणाधिकाऱ्यांना लेखी द्या. तोंडी तक्रारीला पोच मिळत नाही.