विश्लेषण : पावसाच्या पाण्याचा परवाना शहराकडे गेला, तर उताराखालच्यांचे काय?

अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात मोठे बांधकाम करायचे तर अनेकदा दोन दारे ठोठवावी लागतात. इमारतीचा परवाना शहर देते. छपरावरचे, पार्किंगमधले पावसाचे पाणी कुठे मुरणार, खोदलेली माती ओढ्यात जाणार नाही ना, हे पाणलोट मंडळ तपासते. मिनियापोलिस–सेंट पॉल महानगर परिसरात हे दुसरे कामही आपल्याकडे घेण्याची मुभा शहरांना आहे. सोय मोठी, पण ती विनाअट नसावी.

वेगळे मंडळ कशासाठी?
१९५५च्या कायद्याने ही मंडळे शक्य झाली. त्यांची हद्द पाण्याच्या उतारावर ठरते. १९६७मध्ये स्थापन झालेले मिनेहाहा क्रीक मंडळ पाहा. मिनेटोंका सरोवरातून निघालेला ओढा हॉपकिन्स, सेंट लुईस पार्क, एडिना अशी शहरे ओलांडत, सुमारे ३५ किलोमीटर वाहून मिनियापोलिसमध्ये मिसिसिपीला मिळतो. वरच्या शहराने सढळ हाताने डांबरीकरण मंजूर केले, तर लोंढा खाली येतो. आणि खालचा रहिवासी वरच्या शहरात मतदार नसतो.

शहरांचे म्हणणे काय?
एकच खिडकी, कमी हेलपाटे. शिवाय नगर परिषद निवडून येते. मंडळाचे व्यवस्थापक मात्र काउंटी नेमते. हा मुद्दा उडवून लावण्याजोगा नाही. पण मालमत्ता कर हे शहराच्या उत्पन्नाचे मोठे साधन. नवी इमारत हवी असलेल्यानेच तिचे पाणी तपासायचे, हा पेच उरतोच.

कायद्यात लगाम आहे का?
आहे, आणि चांगला आहे. शहराच्या स्थानिक जल आराखड्याला आधी मंडळाची मंजुरी लागते. तो अमलात आणणारे नियमही शहराला करावे लागतात. एखाद्या बिल्डरला त्या आराखड्यातून सूट हवी असेल, तर त्या प्रकरणात मंडळाचा अधिकार पुन्हा जागा होतो.

कच्चा दुवा पुढे आहे. परवान्यावर सही एकदाच होते. साठवण तळ्यात गाळ मात्र वर्षानुवर्षे साचतो. तो उपसला नाही, तर कागदावरचे तळे पाणी अडवत नाही. म्हणून हस्तांतराच्या करारात जुन्या परवान्यांतील प्रत्येक तळ्याची यादी, ते तपासणाऱ्या निरीक्षकाचा पगार आणि मंडळाला अचानक पाहणीचा हक्क, हे तिन्ही लिहून घेतल्याशिवाय मंडळाने दुसरी खिडकी बंद करू नये.