सुटकेनंतरचे पाळकपण

गलतीकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायाच्या आरंभी प्रेषित पौल ख्रिस्ताने दिलेल्या स्वातंत्र्यात स्थिर राहण्यास आणि दास्याचे जोखड पुन्हा मानेवर न घेण्यास सांगतो. ही आज्ञा सुवार्ता न ऐकलेल्यांना नव्हे, तर विश्वास ठेवून बाप्तिस्मा घेतलेल्या आणि पवित्र आत्म्याचा अनुभव आलेल्या मंडळ्यांना केलेली आहे. मुक्त झालेला माणूस पुन्हा बांधला जाऊ शकतो, हे गृहीत धरूनच ते पत्र लिहिले गेले, आणि पहिल्या शतकाच्या मध्यास आशिया मायनरमधील मंडळ्यांपुढे उभा राहिलेला तो प्रश्न आजच्या पाळकांच्या, सुवार्तिकांच्या व धर्मगुरूंच्या कामातही तसाच उभा आहे. संजीवन सभा, उपास-प्रार्थना आणि सुटकेसाठीच्या विशेष प्रार्थना यांना मंडळीच्या वार्षिक कार्यक्रमात ठरलेली जागा असते. मात्र त्या सभांमध्ये व्यसन, भय, वैर किंवा अपराधभाव यांतून सुटलेल्या माणसाचे पुढचे वर्ष कसे जावे, याचा विचार त्याच काटेकोरपणे झालेला क्वचितच दिसतो.

ख्रिस्ती स्वातंत्र्य म्हणजे पापाच्या सत्तेतून, नियमशास्त्र पाळून स्वतःला नीतिमान ठरवण्याच्या धडपडीतून आणि मरणाच्या भयातून झालेली सुटका होय, अशी त्याची सर्वमान्य मांडणी आहे. परंतु ही मांडणी येथेच थांबली, तर अपुरी राहते. त्याच अध्यायात पौल हे स्वातंत्र्य देहवासनेला वाव देण्यासाठी नसून प्रेमाने एकमेकांची सेवा करण्यासाठी आहे, असे स्पष्ट करतो. मार्टिन लूथरने 1520 मध्ये ख्रिस्ती माणसाच्या स्वातंत्र्यावर लिहिलेल्या छोट्या ग्रंथाचा सारा युक्तिवाद याच दुहेरी सत्यावर उभा आहे: विश्वासामुळे ख्रिस्ती माणूस कोणाच्याही अधीन नाही आणि प्रेमामुळे तो सर्वांचा सेवक आहे. यातील पहिला भाग एका क्षणी लाभू शकतो, कारण तो कृपेचे दान आहे. दुसरा मात्र रोजच्या व्यवहारात शिकावा लागतो, आणि ज्याने तो शिकण्यास सुरुवातच केली नाही, त्याचे पहिले दानही हळूहळू निस्तेज होते.

गमावलेल्या स्वातंत्र्याची एक वाट जुन्या सवयीकडे जाते. मत्तयाच्या बाराव्या व लूकच्या अकराव्या अध्यायात अशुद्ध आत्म्याविषयीचा जो दाखला आहे, त्यातील घर झाडून सुशोभित केलेले असते, पण मत्तय नोंदवतो त्याप्रमाणे ते रिकामे असते, आणि म्हणूनच निघून गेलेला आत्मा आणखी सात जणांसह परत येऊन तेथे वस्ती करतो. दोष सफाईत नसून रिकामेपणात आहे, हे पाळकीय दृष्टीने या दाखल्याचे मर्म आहे. इजिप्तच्या वाळवंटात साधना करणाऱ्या आणि 399 मध्ये निधन पावलेल्या इव्हाग्रियस या साधूने माणसाला ग्रासणाऱ्या आठ विचारांची जी यादी केली, तिच्यात खादाडपणा, कामवासना, लोभ, खिन्नता, क्रोध, पोकळ कीर्तीची हाव आणि गर्व यांच्या जोडीला एका विशिष्ट कंटाळ्याचाही समावेश आहे. भर दुपारी येणारा हा कंटाळा साधकाला आपली जागा, आपले काम आणि आपले सोबती नकोसे करून सोडतो. सुटका झालेला माणूस अनेकदा मोठ्या मोहाने नव्हे, तर उत्साह ओसरल्यानंतरच्या अशाच नीरस आठवड्यांत मागे वळतो. असे विचार मनात येणे माणसाच्या हाती नसले, तरी त्यांना रेंगाळू द्यावे की नाही हे त्याच्या हाती असते, अशी इव्हाग्रियसची शिकवण आहे. मोह होणे आणि पाप घडणे यांतला हा भेद नव्या विश्वासणाऱ्याला वेळीच समजावला नाही, तर पहिल्याच मोहाला तो आपला पराभव समजून बसतो.

दुसरी वाट नव्या नियमांकडे जाते आणि ती अधिक फसवी असते, कारण ती भक्तीच्या वेषात येते. गलतीच्या मंडळ्यांना कोणी मूर्तिपूजेकडे ओढत नव्हते. ख्रिस्तावरील विश्वासाला सुंतेची जोड हवी, असे सांगणारे शिक्षक त्यांच्यात शिरले होते. आजही दागिने, पोशाख, चित्रपट, शेजाऱ्याच्या सणातील पानावर बसावे की नाही, यांसारख्या बाबी काही ठिकाणी विश्वासाची कसोटी म्हणून पुढे केल्या जातात. रोमकरांस पत्राच्या चौदाव्या अध्यायात पौल आहाराविषयीचे मतभेद ज्या रीतीने हाताळतो, ती रीत येथे मार्गदर्शक ठरते: प्रत्येकाने आपल्या मनाची पूर्ण खात्री करून घ्यावी, दुर्बल विवेकाच्या बंधूला अडखळण होऊ नये, आणि कोणीही दुसऱ्याच्या सेवकाचा न्यायाधीश बनू नये.

या दोन्ही वाटांवरचा पहिला पहारा म्हणजे विवेकपरीक्षण, अर्थात सरलेल्या दिवसाकडे देवाच्या सान्निध्यात पाहण्याची सवय. इग्नेशियस लोयोला यांच्या ज्या ‘आध्यात्मिक साधना’ ग्रंथाला पोप तिसरे पॉल यांनी 1548 मध्ये मान्यता दिली, त्यात या परीक्षणाचे पाच टप्पे आहेत: उपकारस्मरण, स्वतःचे दोष ओळखण्यासाठी कृपेची याचना, दिवसाचा क्रमवार आढावा, क्षमायाचना आणि सुधारणेचा निश्चय. त्याच ग्रंथात एकच दोष निवडून सकाळी त्याविषयी सावध होण्याची, दुपारी व रात्री तो किती वेळा घडला याच्या खुणा रेषेवर मांडण्याची आणि दिवसाची दिवसाशी, आठवड्याची आठवड्याशी तुलना करण्याची पद्धतही दिली आहे. 1935 मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस या चळवळीच्या बारा पायऱ्यांपैकी दहावी पायरीही अशाच चालू आत्मपरीक्षणाची आणि चूक दिसताच ती कबूल करण्याची आहे. मात्र परीक्षणाची सुरुवात उपकारस्मरणाने व्हावी, हा क्रम पाळकाने आग्रहाने शिकवला पाहिजे. तो सुटला, तर परीक्षणाचेच रोजचे न्यायालय बनते आणि नियमांचे दास्य मागच्या दाराने परत येते.

दुसरा पहारा म्हणजे सोबत. जॉन वेस्ली यांच्या चळवळीत 1742 मध्ये ब्रिस्टल येथील उपासनागृहाचे कर्ज फेडण्यासाठी सभासदांचे सुमारे बारा-बारांचे गट करण्यात आले आणि प्रत्येक गटाच्या प्रमुखाने दर आठवड्याला एकेक पेनी गोळा करावी, असे ठरले. पैशासाठी घरोघर जाणाऱ्या या प्रमुखांना लोकांचे खरे जीवन दिसू लागले, आणि वसुलीची ती व्यवस्था थोड्याच काळात एकमेकांच्या आत्मिक स्थितीची विचारपूस करणारी साप्ताहिक सभा बनली. प्रवचनाने जागे झालेल्यांना एकत्र बांधून देवाच्या मार्गात वाढवले नाही, तर ते प्रवचन त्यांना शत्रूच्या हाती देण्यासारखेच आहे, असे मत वेस्ली यांनी 1763 मध्ये वेल्समधील अनुभवावरून नोंदवले. घरसभा भरवणाऱ्या मंडळ्यांनी हा इतिहास लक्षात घ्यावा, कारण जिथे केवळ गीत, वचन आणि चहा होतो, पण आठवडा कसा गेला हे कोणी कोणाला विचारत नाही, तिथे सोबत नावापुरतीच उरते. याकोबाच्या पत्रातील परस्परांजवळ पाप कबूल करण्याची सूचना कॅथलिक परंपरेत प्रायश्चित्त संस्काराच्या, तर इतर मंडळ्यांत विश्वासू सोबत्याजवळ केलेल्या कबुलीच्या रूपाने पाळता येते. गुप्तता दोन्हीकडे अनिवार्य आहे.

मात्र काही वेळा हे दोन पहारे पुरेसे नसतात. दीर्घकाळ अतिमद्यपान करणाऱ्याने एकाएकी दारू थांबवल्यास जीवघेणी लक्षणे उद्भवू शकतात, तसेच सतत खिन्न राहणाऱ्या व्यक्तीला मानसोपचाराची गरज असू शकते. अशा वेळी प्रार्थना आणि वैद्यक यांत विरोध न मानता तातडीने डॉक्टरांची मदत घेणे, हा पाळकीय कर्तव्याचाच भाग आहे.

सर्वांत कठीण प्रश्न पाळकाच्या स्वतःच्या अधिकाराचा आहे. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे झाला, आणि पुढील दोन वर्षांत त्यांच्या आध्यात्मिक माता सिस्टर जेराल्डीन यांच्याशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला, त्यात शिकवणुकीविषयीच्या त्यांच्या प्रश्नांकडे आज्ञाभंग म्हणून पाहिले गेल्याचे वारंवार दिसते. मायदेशातील पुरोहितशाहीच्या जोखडातून मोठ्या कष्टाने सुटल्यानंतर तसल्याच दुसऱ्या जोखडाखाली जाण्याची आपली तयारी नाही, असे रमाबाईंनी 1885 मध्ये स्पष्ट कळवले. हा नकार विश्वास डळमळल्याचे लक्षण नव्हता. पुढे केडगाव येथे मुक्ती मिशन उभारून, दुष्काळातून आणलेल्या मुलींना आश्रय देऊन आणि संपूर्ण बायबलचे मराठी भाषांतर करून त्यांनी त्या विश्वासाची खोली दाखवून दिली. 1905 मध्ये ज्या मुक्ती मिशनमध्ये संजीवनाची मोठी लाट उसळली, तिथेच शाळा, शेती, विणकाम आणि छपाई यांचा रोजचा क्रमही चालत होता. प्रश्न विचारू देणे आणि काम सोपवणे या दोन गोष्टींनी जे स्वातंत्र्य टिकते, ते आज्ञापालनाच्या सक्तीने टिकत नाही, हा रमाबाईंच्या चरित्रातून मिळणारा पाळकीय धडा आहे.

म्हणून सुटकेची साक्ष व्यासपीठावरून देण्याची घाई न करता सुटका झालेल्या व्यक्तीला किमान एक वर्ष दोन सोबती नेमून द्यावेत. तिला रोजचे परीक्षण शिकवावे. मंडळीच्या सेवेतील एखादे ठरावीक, डोळ्यांत न भरणारे काम तिच्याकडे सोपवावे. आणि ती पुन्हा पडल्यास तिला कोणाकडे जाता येईल, हे आधीच सांगून ठेवावे. वर्षअखेरीस पाळकाने स्वतःच्या कामाचा हिशेब एकाच प्रश्नाने घ्यावा: ही व्यक्ती आता स्वतः प्रार्थना करते का, वचन स्वतः वाचते का, आणि आपले निर्णय पाळकाला न विचारता देवासमोर घेऊ शकते का. उत्तर नकारार्थी असेल, तर ती व्यक्ती पाळकावर कितीही निष्ठा ठेवत असली, तरी तिच्या सुटकेचे काम अजून अपुरे आहे.