गच्चीवरचा मनोरा आणि नगराची अनुमती

आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या एका सर्वसाधारण सभेत प्रस्ताव आला. एका दूरसंचार कंपनीला इमारतीच्या गच्चीवर अँटेना बसवायच्या होत्या आणि त्यापोटी ती दरमहा भाडे देणार होती. संस्थेचा दुरुस्ती निधी आटलेला. त्यामुळे भाड्याचा आकडा ऐकताच निम्म्या सभासदांचे डोळे लकाकले. उरलेल्या निम्म्यांच्या तोंडी एकच शब्द होता, कर्करोग. दोन तास वाद रंगला. सभा संपत आली तेव्हा एका निवृत्त अभियंत्याने शांतपणे विचारले, "आपली पस्तीस वर्षांची इमारत हा भार पेलेल का?" उत्तर कोणापाशीच नव्हते.

महानगरांत नव्या मनोऱ्यासाठी मोकळी जागा मिळणे दुरापास्त. इमारतींना उंची आयतीच लाभलेली असते, म्हणून कंपन्यांची नजर गच्च्यांकडे वळते. त्यात गैर काही नाही. २६ जुलै २००५ च्या प्रलयात मुंबईतील असंख्य भ्रमणध्वनी मुके झाले, तेव्हा घराबाहेर अडकलेल्या आप्तांसाठी जीव टांगणीला लागलेल्या कुटुंबांना या यंत्रणेचे मोल उमगले. 'फोन हवा, पण अँटेना शेजारच्या गल्लीत लावा' ही भूमिका सुजाण नागरिकाला शोभणारी नाही.

प्रारणांच्या भयाबद्दलही तारतम्य हवे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०११ मध्ये या लहरींना 'संभाव्य कर्ककारक' गटात घातले, हे खरे. परंतु त्या गटाचा अर्थ पुरावा मर्यादित आहे, एवढाच. आपल्या देशाने तर १ सप्टेंबर २०१२ पासून आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश इतकीच मर्यादा लागू केली. शिवाय अँटेना दूर गेली की हातातल्या फोनला अधिक शक्तीने लहरी सोडाव्या लागतात, आणि तो तर कानालाच लावलेला असतो!

मात्र एक बाब फारशी कोणी सांगत नाही. अँटेनाच्या लहरींचा मुख्य झोत खाली पडत नाही. तो किंचित झुकून समोर जातो. म्हणजे भाडे मिळते या इमारतीला आणि झोत जातो समोरच्या इमारतीच्या वरच्या मजल्याकडे. तो मर्यादेत असेलही; पण ज्याच्या खिडकीसमोर अँटेना येणार, त्याला साधे विचारलेलेही नसते. सौदा दोघांत होतो आणि त्याचा परिणाम तिसऱ्याच्या दारी जातो. अशा वेळी त्या तिसऱ्याच्या वतीने बोलणारे कोणी असावे म्हणूनच नगर प्रशासन असते.

दुसरी बाब भाराची. गच्चीवर केवळ अँटेना येत नाहीत. लोखंडी खांब, यंत्रांच्या पेट्या, विजेरींचे संच, क्वचित जनित्रही येते. उंच खांबांवर वाऱ्याचा दाब पडतो. खांब रोवण्यासाठी स्लॅबला भोके पाडली की जलरोधक थर फुटतो, पावसाळ्यात पाणी झिरपते आणि आतल्या सळया गंजू लागतात. तीस वर्षांहून जुन्या इमारतींच्या संरचनात्मक तपासणीची तरतूद मुंबई महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ३५३ ब मध्ये आहे, ती अशाच जराजर्जर वास्तूंसाठी. ज्या इमारतीला स्वतःचाच भार जड झाला, तिच्या माथ्यावर आणखी ओझे ठेवायचे की नाही, हे केवळ भाडेकराराने ठरावे काय?

केंद्राच्या नियमांचा ओघ मात्र वेगळ्या दिशेने आहे. २०१६ च्या मार्गाधिकार नियमांत साठ दिवसांत निर्णय न झाल्यास अनुमती दिल्याचे मानले जाईल, अशी तरतूद होती. ऑगस्ट २०२२ च्या दुरुस्तीने पुढचे पाऊल टाकले. खासगी इमारतीवर मनोरा वा खांब उभारायचा तर स्थानिक प्राधिकरणाची अनुमती नको. संरचना अभियंत्याच्या प्रमाणपत्रासह पूर्वसूचना दिली की पुरे. १ जानेवारी २०२५ पासून दूरसंचार अधिनियम, २०२३ खालील नवे मार्गाधिकार नियम लागू झाले. त्यांचाही रोख जाळे वेगाने विस्तारण्याकडेच आहे.

ही वेळ पालिकांनी स्वतःवर ओढवून घेतली, हेही मान्य केले पाहिजे. धारिका महिनोन्महिने एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरत राहायची आणि दरम्यान विनापरवाना मनोरे डोळ्यांदेखत उभे राहायचे. अनुमती हा अडवणुकीचा धंदा झाला होता. पण पहारेकरी झोपाळू निघाला म्हणून कोणी घराचे दारच काढून टाकत नाही.

यातून मार्ग निघू शकतो. साठ दिवसांची कालमर्यादा जरूर असावी. कंपनीला अनिश्चिततेत लोंबकळत ठेवणे अन्याय्यच. मात्र त्या अवधीत संरचना अभियंत्याचे प्रमाणपत्र पालिकेच्या अभियंत्याने प्रत्यक्ष गच्चीवर जाऊन पडताळावे. अभियंत्याचे शुल्क कंपनी देत असेल तर ही पडताळणी अधिकच आवश्यक ठरते. समोरच्या इमारतीला लेखी सूचना मिळावी. प्रमाणपत्राची प्रत इमारतीच्या प्रवेशद्वारी लावलेली असावी. एवढ्याने देशाचे दूरसंचार खचित थांबणार नाही.

आणि आपले काय? मे २०१७ मध्ये केंद्राने 'तरंग संचार' हे संकेतस्थळ सुरू केले, ते नागरिकाला आपल्या परिसरातील मनोऱ्यांची माहिती मिळावी म्हणूनच. शुल्क भरून प्रारणांची मोजणी मागवण्याची सोयही त्यात ठेवण्यात आली. अफवांवर दोन तास वाद घालणाऱ्या किती संस्थांनी अशी मोजणी मागवली?

आमच्या सभेने अखेर ठराव केला : आधी इमारतीची तपासणी, मग भाड्याची बोलणी. कंपनीने वाट पाहिली नाही. ती दुसऱ्या गच्चीकडे वळली. ती इमारत आमच्याहूनही जुनी आहे. येता-जाता मान वर करून तिच्याकडे पाहतो, तेव्हा मनात येते की, त्या गच्चीचे प्रमाणपत्र कोणी तरी नीट वाचले असेल ना?