झडती कुणाची, सुरक्षा कुणाची?

उपनगरी गाडीने रोज ये-जा करणाऱ्या मुंबईकराला स्थानकाच्या तोंडाशी उभ्या केलेल्या धातुशोधक चौकटीविषयी विचारले, तर तो बहुधा हसतो. लोकलमधील २००६ च्या स्फोटांनंतर, आणि विशेषतः २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यानंतर, शहराच्या मोठ्या स्थानकांवर या चौकटी आल्या. तेव्हापासून प्रवाशाने एकच दृश्य पुनःपुन्हा पाहिले आहे. चौकट वाजते, प्रवासी चालत राहतो आणि बाजूच्या खुर्चीवरील शिपाई मान वर करीत नाही. गर्दी वाढली की लोक चौकटीला वळसा घालून जातात. त्यांनाही कोणी अडवीत नाही. या अनुभवातून लोकांनी काढलेला निष्कर्ष असा, की हा सारा देखावा आहे. राज्यकर्ते या अविश्वासाला नागरिकांची बेशिस्त म्हणतात. वस्तुतः तो सामान्य माणसाने केलेला हिशेब आहे, आणि तपासून पाहिला तर तो बराचसा बरोबर निघतो.

या हिशेबाला किंमत मोजलेल्या लोकांचा आधार आहे. १२ मार्च १९९३ च्या स्फोटमालिकेत २५७ माणसे मेली. दादरचे प्लाझा चित्रपटगृह त्या दिवशी स्फोटाने हादरले. ११ जुलै २००६ रोजी पश्चिम रेल्वेच्या गाड्यांत अकरा मिनिटांत सात स्फोट झाले आणि मृतांची संख्या दोनशेच्या घरात गेली. १३ जुलै २०११ रोजी झवेरी बाजार, ऑपेरा हाऊस आणि दादरचा कबुतरखाना येथे स्फोट होऊन २६ जण प्राणांस मुकले. गिरगाव आणि दादरच्या रहिवाशाला सुरक्षेचे महत्त्व कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. म्हणूनच सुरक्षेच्या नावाखाली त्याच्यापुढे नेमके काय ठेवले जाते, हे विचारण्याचा अधिकार त्याला सर्वांआधी पोचतो.

यंत्राची शक्ती आणि मर्यादा

धातुशोधक चौकट चुंबकीय क्षेत्राच्या साहाय्याने धातू ओळखते. स्फोटक ओळखणे हे तिचे काम नव्हे; आरडीएक्स हा काही धातू नाही. मुंबईच्या प्रवाशाजवळ पोलादी डबा असतो, किल्ल्यांचा जुडगा असतो, छत्री असते, मोबाइल असतो. त्यामुळे चौकट जवळजवळ प्रत्येकासाठी वाजते, आणि प्रत्येकासाठी वाजणारी घंटा कोणालाच सावध करीत नाही.

विमानतळावरील अंगतपासणी यंत्र, ज्याला बॉडी स्कॅनर म्हणतात, हे याच्या पुढची पायरी मानले जाते. त्यातील मिलिमीटर लहरी कपड्यांतून आरपार जातात, त्वचेवरून परततात आणि अंगावर दडवलेली वस्तू दाखवतात. शरीराच्या आत काय आहे किंवा हातातील पिशवीत काय आहे, हे त्या यंत्राला कळत नाही. २५ डिसेंबर २००९ रोजी ॲमस्टरडॅमहून डेट्रॉइटला जाणाऱ्या विमानात एका प्रवाशाने अंतर्वस्त्रात लपवलेले स्फोटक पेटवण्याचा प्रयत्न केला. त्यानंतर अमेरिकेने ही यंत्रे झपाट्याने बसवली. त्या वेळी या खरेदीचा जाहीर पुरस्कार करणारे माजी अंतर्गत सुरक्षा मंत्री मायकेल चेर्टॉफ यांच्या सल्लागार संस्थेच्या ग्राहकांत यंत्रे बनवणारी रॅपिस्कॅन कंपनी होती. या कंपनीची क्ष-किरणांवर चालणारी यंत्रे प्रवाशांची जवळजवळ नग्न प्रतिमा दाखवीत. ती प्रतिमा झाकणारी व्यवस्था कंपनीला देता आली नाही, म्हणून २०१३ मध्ये ती अमेरिकी विमानतळांवरून काढून टाकावी लागली. पुढे २०१५ मध्ये अमेरिकी सरकारच्याच निरीक्षकांनी वेष बदलून घेतलेल्या परीक्षेचा निकाल बाहेर आला. ७० प्रयत्नांपैकी ६७ वेळा नकली स्फोटक किंवा शस्त्र तपासणीतून सुखरूप पार झाले होते.

याहून लाजिरवाणे उदाहरण इराकचे आहे. एडीई ६५१ या नावाचे ‘बॉम्बशोधक’ उपकरण बगदादच्या नाक्यानाक्यावर वापरले जात होते. प्लॅस्टिकची मूठ आणि तिला जोडलेली फिरती दांडी, याखेरीज त्यात काही नव्हते. ते विकणाऱ्या ब्रिटिश व्यापाऱ्याला २०१३ मध्ये दहा वर्षांची शिक्षा झाली. तरीही जुलै २०१६ मध्ये करादा भागात शेकडो माणसे मेल्यानंतर इराकच्या पंतप्रधानांना ही खेळणी नाक्यांवरून काढून घेण्याचा हुकूम पुन्हा द्यावा लागला. भीती मोठी असली आणि खरेदीवर लोकांचा अंकुश नसला, की रिकामी डबीही सोन्याच्या भावाने विकली जाते.

आपल्याकडे नागरी विमान सुरक्षा ब्युरोने एप्रिल २०१९ मध्ये ८४ संवेदनशील विमानतळांवर एका वर्षात बॉडी स्कॅनर बसवण्याचा आदेश काढला. ती मुदत पाळली गेली नाही. विलंबाची चर्चा झाली. पण या यंत्रांची भारतीय परिस्थितीत स्वतंत्र परीक्षा कोणी घेतली, साडी नेसलेल्या किंवा पगडी बांधलेल्या प्रवाशाच्या बाबतीत ती किती वेळा चुकतात, याची चर्चा लोकांसमोर झाली नाही.

विमानतळाचा न्याय स्थानकाला लागू पडत नाही

तपासणी सर्वत्र निरुपयोगी असते, असे म्हणणे मात्र चूक होईल. अमेरिकेत जानेवारी १९७३ पासून प्रत्येक विमानप्रवाशाची तपासणी सक्तीची झाली आणि विमान पळवण्याचे प्रकार झपाट्याने कमी झाले. विमानतळावर वाटा मोजक्या असतात, प्रवासी दोन तास आधी येतो, आणि चौकट वाजली की झडती घेणारा प्रशिक्षित जवान समोर हजर असतो. तेथे यंत्राच्या मागे माणूस उभा आहे, म्हणून यंत्राला अर्थ आहे.

दादर स्थानकात यांपैकी काय आहे? पूर्वेकडून आणि पश्चिमेकडून वाटा, पुलांच्या वाटा, फुलबाजाराच्या गर्दीतून येणारी वाट, आणि दर तीन-चार मिनिटांनी सुटणारी गाडी. समजा, एखाद्या स्थानकात रोज पाच लाख माणसे शिरतात आणि चौकट त्यांपैकी निम्म्यांसाठी वाजते. प्रत्येकाच्या झडतीला दोनच मिनिटे धरली, तरी रोज पाच लाख मिनिटांचे काम होते. आठ तासांच्या पाळीत त्यासाठी एक हजाराहून अधिक माणसे लागतील. तीही एका स्थानकाला. हे अशक्य आहे, हे योजना आखणाऱ्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक असले पाहिजे. तरीही चौकटी आल्या. कारण दुर्घटनेनंतर सरकारला काहीतरी केल्याचे दाखवावे लागते, आणि यंत्राची खरेदी ही सर्वांत लवकर दाखवता येणारी कृती असते.

गिरणगावाला ठाऊक असलेली झडती

लालबाग-परळच्या जुन्या कामगाराला अंगझडती नवी नाही. गिरणीची पाळी सुटली की दरवाजावर पहारेकऱ्यांपुढे हात वर करून उभे राहावे लागे. दिवसभर राबून निघालेल्या माणसाने सुताचा पेळू किंवा कापडाचा तुकडा नेला नाही ना, याची खात्री करून मगच त्याला घरी जाऊ दिले जाई. मालकाच्या हिशेबाच्या वह्यांची झडती मात्र त्या दरवाजावर कधी झाली नाही. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, जमिनी विकल्या गेल्या, आणि लोअर परळच्या फिनिक्स मिलच्या जागी बाजार-प्रासाद उभा राहिला. आज त्याच दरवाजात पुन्हा चौकट आहे, पुन्हा झडती आहे. चौकटीपाशी गणवेश घालून बारा-बारा तास उभा राहणारा रक्षक अनेकदा त्याच वस्तीतला, कंत्राटावर नेमलेला तरुण असतो.

झडतीचा हा एकतर्फी स्वभाव विमानतळावरही सुटत नाही. राष्ट्रपती, पंतप्रधान, राज्यपाल, मुख्यमंत्री यांच्यापासून सुरू होणारी, तपासणीतून सूट मिळालेल्यांची एक यादी सरकार ठेवते. एका खासगी व्यक्तीचे नावही २०१५ पर्यंत तिच्यात होते. बोभाटा झाल्यावर ते वगळण्यात आले. सुरक्षा हा शास्त्राचा प्रश्न असेल, तर शास्त्र हुद्दा पाहत नाही. जी तपासणी प्रतिष्ठितांना अपमानास्पद वाटते, ती सामान्यांसाठी शिस्त कशी ठरते, याचे उत्तर कोणी तरी दिले पाहिजे.

माणसाचे काम

१९९३ ची स्फोटके रायगडच्या किनाऱ्यावर, दिघी आणि शेखाडी येथे उतरली. त्या वाटेवर सीमाशुल्क अधिकारी होते, पोलीसही होते. त्यांतील काहींना पुढे न्यायालयाने दोषी ठरवले. लाच घेऊन फिरवलेली मान कोणत्याही यंत्राने सरळ होत नाही.

२६ नोव्हेंबरच्या रात्री छत्रपती शिवाजी टर्मिनसवर दोन बंदूकधारी शिरले, तेव्हा त्यांच्यासमोर जुन्या थ्री-नॉट-थ्री बंदुका आणि लाठ्या घेतलेले रेल्वे पोलीस होते. त्या स्थानकात पन्नासावर माणसे मारली गेली. आणखी बळी गेले नाहीत, याचे मोठे श्रेय उद्घोषक विष्णू झेंडे यांच्याकडे जाते. जागा न सोडता ध्वनिक्षेपकावरून ते प्रवाशांना सुरक्षित वाट दाखवीत राहिले. गिरगाव चौपाटीवर कसाबला जिवंत पकडून देणारे तुकाराम ओंबळे यांच्या हातात एक लाठी होती. गोळ्या अंगावर झेलून त्यांनी पकड सोडली नाही. राज्याच्या तिजोरीने या माणसांच्या हाती काय दिले होते, हा खरा प्रश्न आहे. हल्ल्यानंतर प्रधान समितीने सुचवलेली शहरातील कॅमेऱ्यांची योजना पूर्ण व्हायला २०१६ साल उजाडले.

तपासाची कथा याहून गंभीर आहे. लोकल स्फोटांच्या खटल्यात २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने बाराही आरोपींना दोषमुक्त केले. तीनच दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाने या निकालाचा दाखला अन्य खटल्यांत वापरण्यास स्थगिती दिली. कायद्याची लढाई कोठेही पोचो. घटनेनंतर एकोणीस वर्षांनी एवढ्या मोठ्या गुन्ह्याचा पुरावा उच्च न्यायालयात टिकला नाही, ही गोष्ट मृतांच्या आप्तांसाठी आणि कित्येक वर्षे तुरुंगात काढलेल्यांसाठी सारखीच भयंकर आहे. प्रामाणिक आणि शास्त्रीय तपास हीच सुरक्षेची पहिली भिंत आहे. ती कच्ची ठेवून दरवाजावर चौकटी लावणे व्यर्थ आहे.

मृत्यूचा दुसरा हिशेब

सुरक्षा या शब्दाचा अर्थ केवळ बॉम्बपासून बचाव एवढाच नाही. २९ सप्टेंबर २०१७ रोजी परळ आणि एल्फिन्स्टन रोड यांना जोडणाऱ्या अरुंद पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ माणसे मेली. पूल अपुरा आहे, हे प्रवासी वर्षानुवर्षे सांगत होते. त्याच वर्षी २९ डिसेंबरला कमला मिलच्या आवारातील उपाहारगृहांच्या आगीत १४ जण गेले. १४ मार्च २०१९ रोजी टर्मिनसजवळचा पादचारी पूल कोसळला आणि किमान सहा जण मृत्युमुखी पडले. हा पूल वापरास योग्य असल्याचा दाखला तपासनीसांनी आधीच देऊन ठेवला होता. उपनगरी रेल्वेच्या मार्गांवर दर वर्षी दोन हजारांहून अधिक माणसे रूळ ओलांडताना, गाडीतून पडून आणि अन्य कारणांनी मरतात. २०२३ मध्ये हा आकडा अडीच हजारांच्याही वर गेला. या मृत्यूंमागे शत्रुराष्ट्र नाही, म्हणून त्यांच्यासाठी कोणी घाईने निविदा काढीत नाही.

रोज सुमारे सत्तर लाख माणसे वाहणाऱ्या या रेल्वेवर सुरक्षेचा प्रत्येक रुपया कोठे खर्च होतो, हा राजकीय प्रश्न आहे. तो तज्ज्ञांच्या बंद खोलीत सोडून देता येणार नाही.

कार्यकर्त्यांपुढील काम

लोकांचा अविश्वास योग्य आहे. परंतु नुसत्या हसण्यावर तो थांबला, तर त्याचे रूपांतर उदासीनतेत होते, आणि उदासीनता ठेकेदाराला आणि नोकरशहाला सोयीची असते. या अविश्वासाला मागणीचे रूप देणे हे चळवळीचे काम आहे. सुरक्षा उपकरणांची स्वतंत्र परीक्षा व्हावी आणि खर्च व निष्कर्ष विधिमंडळापुढे व संसदेपुढे यावेत. गुप्ततेची सबब यंत्राच्या रचनेपुरती चालेल, त्याच्या किमतीला चालणार नाही. यंत्रामागे पुरेशी, प्रशिक्षित आणि कायम नोकरीची माणसे असावीत. खासगी सुरक्षा रक्षकांच्या नोकरीचे नियमन करणारा कायदा महाराष्ट्राने १९८१ मध्येच केला आहे; त्याची अंमलबजावणी प्रत्येक दरवाजावर झाली पाहिजे. तपासणीतून सूट मिळालेल्यांची यादी रद्द व्हावी. आणि चौकटींच्या आधी पूल रुंद व्हावेत, गाड्या वाढाव्यात, फलाटांची उंची सुधारावी.

माहितीचा अधिकार २००५ पासून कायद्याने हाती आहे. आपापल्या स्थानकावर किती चौकटी आहेत, त्यांपैकी किती चालू आहेत, त्यांच्या दुरुस्तीवर किती खर्च झाला आणि त्यांच्याद्वारे आजवर काय सापडले, हे प्रश्न दादर, परळ, करी रोड, चिंचपोकळी, चर्नी रोड येथील शाखांनी लेखी विचारावेत आणि मिळालेली उत्तरे स्थानकाबाहेरच्या फलकावर लावावीत. आजवर चौकटीतून जनता गेली. आता काही काळ सरकारचे हिशेब त्या चौकटीतून गेले पाहिजेत.