आवाज चौघांचा, नाव एकाचे!

पंक किंवा अल्टरनेटिव्ह रॉकचा एखादा जुना बँड वीस-पंचवीस वर्षांनी पुन्हा स्टेजवर आला की दोन प्रतिक्रिया हमखास उमटतात. एक गट म्हणतो, पैशासाठी आले. दुसरा म्हणतो, आमचे जुने दिवस परत आले. आमच्या मते हे दोन्ही गट मूळ प्रश्नाला बगल देतात. परत आले ते कोण? कुणाला बोलावलेच नाही? आणि ज्या गाण्यांच्या जोरावर हा सगळा सोहळा उभा आहे, ती गाणी घडवताना घाम कुणाचा गळला होता? (पुन्हा एकत्र येण्याची भाषा निघाली की आपल्या वाचकांचे कान टवकारतात, हे आम्ही जाणून आहोत. पण आजचा विषय रिपब्लिकन ऐक्याचा नाही. तो लंडन, सॅन फ्रान्सिस्को आणि मँचेस्टरचा आहे.)

पंक म्हणजे गोऱ्या पोरांची चैन, तिच्याशी आपले काय देणेघेणे, असे काही मित्र विचारतील. त्यांनी ३० एप्रिल १९७८ हा दिवस माहीत करून घ्यावा. ब्रिटनमध्ये नॅशनल फ्रंट हा उघड वंशवादी पक्ष तेव्हा रस्त्यावर जोर धरत होता. त्याच्या विरोधात 'रॉक अगेन्स्ट रेसिझम' आणि अँटी-नाझी लीग यांनी लंडनच्या व्हिक्टोरिया पार्कमध्ये हजारोंची सभा भरवली. तिथे 'द क्लॅश' वाजले, काळ्या मुलांचा रेगे बँड 'स्टील पल्स' वाजला आणि 'एक्स-रे स्पेक्स' वाजले. या तिसऱ्या बँडची गायिका पॉली स्टायरीन हिचे वडील सोमाली होते. तेव्हा ही मंडळी समतेची भाषा बोलत होती, हे निर्विवाद. म्हणूनच त्यांच्या आतला हिशोब समतेचा होता का, हे विचारण्याचा अधिकार आपल्याला आहे. जो समतेचे गाणे गातो त्याला समतेच्याच मापाने मोजायचे.

सुरुवात 'एक्स-रे स्पेक्स'पासूनच करू. या बँडचा आवाज इतर पंक बँडपेक्षा वेगळा ओळखू येतो तो दोन गोष्टींमुळे. एक पॉलीचा गळा आणि दुसरा सॅक्सोफोन. तो सॅक्सोफोन वाजवत होती लोरा लॉजिक नावाची शाळकरी वयाची मुलगी. १९७७ च्या पहिल्या सिंगलवर ती आहे. मात्र १९७८ च्या अखेरीस 'जर्मफ्री अॅडोलसन्ट्स' हा अल्बम आला तेव्हा ती बँडमध्ये नव्हती. तिला बाजूला केले गेले होते. तिने बसवलेल्या सुरावटींपैकी बऱ्याच तशाच राहिल्या, फक्त त्या वाजवणारा दुसरा होता. एका काळ्या-गोऱ्या संकरातून आलेल्या तरुणीने उभा केलेला बँड, पुरुषी बाजाराला शिंगावर घेणारा, आणि त्यातली दुसरी मुलगी वर्षभरात बाहेर! १९९५ मध्ये नवा अल्बम करताना पॉलीने लोराला सोबत घेतले, ही तिच्या बाजूने जमा करावी अशी नोंद. पण लोक आजही विकत घेतात तो १९७८ चाच अल्बम.

'द क्लॅश'ची गोष्ट याहून बोचरी आहे. 'रॉक द कॅस्बा' हे त्यांचे अमेरिकेत सर्वांत गाजलेले गाणे, बिलबोर्डच्या यादीत आठव्या क्रमांकापर्यंत गेलेले. त्याचे संगीत ड्रमर टॉपर हेडन याचे आहे. स्टुडिओत ड्रम त्याने वाजवले, पियानो त्याने वाजवला, बासही त्यानेच. शब्द जो स्ट्रमरचे. मे १९८२ मध्ये हेडनला हेरॉइनच्या व्यसनामुळे काढून टाकण्यात आले. पुढच्याच महिन्यात गाण्याचा व्हिडिओ टेक्सासमध्ये चित्रित झाला. त्यात ड्रमवर बसलेला दिसतो तो टेरी चाइम्स. म्हणजे जगभरच्या टीव्हीवर गाणे वाजत राहिले आणि ते रचणारा माणूस चौकटीच्या बाहेर.

चाइम्सचीही गंमत पाहा. तो मूळचा ड्रमर. पहिला अल्बम बाजारात येण्याआधी तो बँड सोडून गेला, तर वेष्टनावर त्याचे नाव 'टोरी क्राइम्स' असे छापून त्याची टर उडवली. पाच वर्षांनी गरज पडली तेव्हा त्यालाच परत बोलावले. माजी सदस्याची किंमत अशी गरजेनुसार वरखाली होते. व्यसनाने ग्रासलेल्या साथीदाराबरोबर दौरे करणे सोपे नसते, हे आम्हाला मान्य आहे, आणि त्या अल्बमवर गाण्यांचे श्रेय सामूहिक होते, हेही नोंदवायला हवे. हेडनला काढल्याची खंत स्ट्रमरने पुढे व्यक्त केली. पण तो बँड त्या सगळ्यांसह पुन्हा कधी उभा राहिला नाही. डिसेंबर २००२ मध्ये स्ट्रमर वारला आणि मार्च २००३ मध्ये अमेरिकेतल्या रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमने हेडन आणि चाइम्स या दोघांचीही नावे इतरांच्या बरोबरीने लावली.

आता पैशाकडे येऊ, कारण श्रेयाचा प्रश्न शेवटी पैशात उतरतो. गाण्याच्या मागे उत्पन्नाचे वेगवेगळे प्रवाह असतात. गाणे 'लिहिणाऱ्या'ला एक मिळतो, ध्वनिमुद्रणात वाजवणाऱ्याला दुसरा, दौऱ्यांचा तिसरा. यातली खरी मेख 'लिहिणारा' या शब्दात आहे. रूढ पद्धतीनुसार शब्द आणि मुख्य चाल म्हणजे लेखन. ज्या बास-सुरावटीमुळे गाणे दुसऱ्या सेकंदाला ओळखू येते ती लेखनात धरली जाईलच असे नाही. ड्रमचा ठेका तर जवळजवळ कधीच नाही. डोक्याचे काम वरचे आणि हाताचे काम खालचे, ही वाटणी आपल्या वाचकाला समजावून सांगण्याची गरज नाही. ती रॉक संगीतातही आहे, आणि बंडखोर म्हणवणाऱ्या बँडमध्येही आहे.

मँचेस्टरचा 'द स्मिथ्स' १९८७ मध्ये फुटला. गाणी गायक मॉरिसी आणि गिटारवादक जॉनी मार यांची; त्याबद्दल कुणाचाच वाद नव्हता. पण ध्वनिमुद्रण आणि मैफिलींच्या उत्पन्नातही या दोघांना प्रत्येकी ४० टक्के आणि बासवादक अँडी रुर्क व ड्रमर माइक जॉइस यांना प्रत्येकी १० टक्के अशी वाटणी चालू होती. जॉइस कोर्टात गेला. त्याचा आधार होता १८९० चा भागीदारी कायदा: वेगळा करार झाल्याचे सिद्ध झाले नाही तर भागीदारांचा नफ्यात सारखा वाटा. डिसेंबर १९९६ मध्ये लंडनच्या हायकोर्टाने जॉइसला २५ टक्के दिले. थकबाकी सुमारे दहा लाख पौंडांची होती. मॉरिसीच्या साक्षीबद्दल न्यायाधीशांनी फार कडक शब्द वापरले आणि पुढे त्याचे अपीलही फेटाळले गेले.

रुर्कचे काय झाले? तो कर्जात होता. खटला चालवण्याइतका दम त्याच्याकडे नव्हता, म्हणून त्याने आधीच ८३ हजार पौंडांवर तडजोड करून १० टक्के कबूल केले. बँड एक, काम सारखेच, पण ज्याला थांबता आले त्याला पाव हिस्सा आणि ज्याला थांबता आले नाही त्याला दहावा. न्याय कोर्टात मिळतो हे खरे, पण कोर्टापर्यंत तग धरण्याची ऐपतही लागते.

इथपर्यंत आपले मित्र आमच्याशी सहमत असतील. मॉरिसीचे अलीकडचे राजकारण पाहता त्याच्या विरोधात बोलणे अवघडही नाही. खरी कसोटी 'डेड केनेडीज'च्या बाबतीत लागते.

१९७८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत ईस्ट बे रे या गिटारवादकाने जाहिरात दिली, त्यातून गायक जेलो बियाफ्रा आणि बासवादक क्लाउस फ्लुराइड जोडले गेले. बियाफ्राचे शब्द म्हणजे रेगनच्या अमेरिकेवरचे कोरडे. पोलीस, कंपन्या, चर्चवाले, पंकमध्ये शिरलेले नाझी, कुणालाच त्याने सोडले नाही. १९७९ मध्ये तो शहराच्या महापौरपदाला उभा राहिला. एका अल्बमसोबतच्या चित्रावरून त्याच्यावर खटला झाला, १९८७ मध्ये ज्यूरीचे एकमत झाले नाही आणि तो सुटला. अशा माणसावर प्रेम बसणे स्वाभाविक आहे. आमचेही आहे.

बँड १९८६ मध्ये फुटला. गाणी मात्र बियाफ्राच्या 'अल्टरनेटिव्ह टेंटॅकल्स' या कंपनीतून विकली जात राहिली. नव्वदच्या दशकाच्या शेवटी बाकीच्या तिघांच्या लक्षात आले की आपल्याला रॉयल्टी कमी दिली गेली आहे. रक्कम सुमारे ७५ हजार डॉलरच्या घरातली. बियाफ्राचे म्हणणे असे की, एका जीन्स कंपनीच्या जाहिरातीला आपले गाणे देण्यास मी नकार दिला, त्याचा हा सूड आहे. ज्यूरीने २००० मध्ये निकाल त्याच्या विरोधात दिला, सुमारे दोन लाख डॉलरची भरपाई लावली आणि २००३ मध्ये अपील कोर्टाने तो निकाल कायम ठेवला. दरम्यान २००१ मध्ये तिघांनी दुसरा गायक घेऊन बँड पुन्हा उभा केला. बियाफ्राने त्यांना करावकेवाले म्हणून हिणवले आणि जगभरच्या कितीतरी डाव्या पंक श्रोत्यांनी त्याचीच री ओढली. विचार त्याचा, म्हणून बँड त्याचा, बाकीचे लोभी.

आम्हाला हे अजिबात पटत नाही. जाहिरातीला नकार देणे योग्यच होते, असे आम्ही म्हणू. पण जाहिरातीचा प्रश्न वेगळा आणि साथीदारांच्या पैशाचा प्रश्न वेगळा. भांडवलशाहीवर कोरडे ओढणाऱ्या कंपनीची हिशोबाची वही साथीदारांना उघडी असायला नको का? ज्याची भूमिका क्रांतिकारक त्याला पावती मागायची नाही, हा नियम कुणी केला? ईस्ट बे रेची ती समुद्रलाटांसारखी घुमणारी गिटार बाजूला काढा आणि मग ते शब्द नुसते वाचून पाहा. पत्रक उरेल. चांगले पत्रक, पण पत्रकच.

आणि त्या 'बाकीच्या तिघां'त कोण होता हे सांगितले जात नाही, याचा आम्हाला अधिक राग आहे. तिसरा होता ड्रमर डी. एच. पेलिग्रो, सेंट लुईसचा काळा मुलगा, १९८१ पासून बँडमध्ये. अमेरिकेच्या हार्डकोर पंकमध्ये बहुतेक चेहरे गोरे. त्या वर्तुळात वंशवादविरोधी गाण्यांचा ठेका धरणारा हा काळा माणूस स्वतःच्या कमाईचा हिशोब मागतो, तर गोरे पुरोगामी श्रोते त्याला 'लोभी तिघां'त विरघळवून टाकतात! त्याने आत्मचरित्र लिहिले, शीर्षकातच स्वतःला अॅफ्रोपंकचा राजा म्हटले. ऑक्टोबर २०२२ मध्ये घरात पडून डोक्याला मार लागला आणि तो गेला.

जिंकणाऱ्या बाजूलाही आम्ही सोडणार नाही. १९८० च्या पहिल्या अल्बमवर ड्रम पेलिग्रोचे नाहीत, टेड नावाच्या ड्रमरचे आहेत. सुरुवातीला '६०२५' या नावाने वावरणारा दुसरा गिटारवादकही होता, त्याची रचना त्या अल्बमवर आहे. बियाफ्रा विरुद्ध तिघे, या भांडणाच्या चर्चेत या दोघांची नावे क्वचितच निघतात. माजी सदस्यांतही आणखी माजी असतात.

'सेक्स पिस्टल्स'बद्दल थोडक्यात. टी-शर्टवर सिड व्हिशस असतो, गाण्यांत ग्लेन मॅटलॉक. १९७७ च्या त्या एकमेव अल्बमच्या बारापैकी दहा गाण्यांच्या लेखनात मॅटलॉकचे नाव आहे, आणि अल्बम येण्याच्या कित्येक महिने आधी तो बँडबाहेर पडला होता. १९९६ मध्ये बँड परतला तेव्हा बास त्याच्याच हातात होता. त्या दौऱ्याचे नावच त्यांनी 'घाणेरडा पैसा' या अर्थाचे ठेवले, निदान ढोंग तरी केले नाही. २०२१ मध्ये गायक जॉन लायडनने एका मालिकेसाठी गाणी द्यायला विरोध केला, तेव्हा बहुमताने निर्णय घेण्याचा जुना करार दाखवून गिटारवादक आणि ड्रमर कोर्टात जिंकले. २०२४ मध्ये मॅटलॉकसह हे तिघे दुसऱ्या गायकासोबत लंडनच्या बुश हॉलमध्ये वाजले, त्या सभागृहाच्या मदतीसाठी.

यावर एक आक्षेप येतो आणि तो विचार करण्यासारखा आहे. सगळ्यांची प्रतिभा सारखी नसते, मग वाटा सारखा का? उत्तर जॉर्जियातल्या अथेन्स शहरातून निघालेल्या 'आर.ई.एम.'ने दिले आहे. चौघांनी ठरवले की गाण्याची कल्पना कुणाचीही असो, लेखक म्हणून चौघांची नावे लागतील आणि नकाराचा अधिकार प्रत्येकाला राहील. चौघे सारखे प्रतिभावान आहेत असा दावा त्यात नव्हता. उद्या भांडण झाले तर कुणाच्या पोटावर पाय येऊ नये, एवढाच व्यवहार होता. १९९५ मध्ये लोझानच्या मैफिलीत ड्रमर बिल बेरीच्या मेंदूतली रक्तवाहिनी फुटली. तो बरा झाला, पण १९९७ मध्ये त्याने बँड सोडला. जाताना त्याची अट होती की माझ्यामुळे बँड मोडू नका. उरलेले तिघे २०११ पर्यंत वाजले. जून २०२४ मध्ये न्यूयॉर्कला गीतकारांच्या सन्मान समारंभात चौघे पुन्हा एका स्टेजवर आले. सन्मान चौघांचा होता, कारण कागदावर नावे चौघांची होती. बेरीला कुणी 'पाहुणा' म्हणून बोलावले नव्हते.

'द स्मिथ्स' मात्र कधीच परतले नाहीत. मे २०२३ मध्ये अँडी रुर्क कर्करोगाने गेला, तेव्हा बँड फुटून छत्तीस वर्षे झाली होती. त्या छत्तीस वर्षांत 'स्मिथ्स परत येणार का' हा प्रश्न मुलाखतींतून असंख्य वेळा विचारला गेला. दर वेळी त्याचा अर्थ एवढाच होता, की मॉरिसी आणि मार एकमेकांशी बोलणार का.