पेपर कोणाचा?

आमच्या कोहमाऱ्याला मोठं काही नाही. नागपूरहून रायपूरकडे जाणारा हायवे आणि त्यातून गोंदियाकडे फुटणारा रस्ता, एवढीच ओळख. याच चौकात पहाटे नागपूरची गाडी पेपरचे गठ्ठे टाकून जायची. माझे काका ते गठ्ठे सोडायचे आणि मी बाजूला बसून मथळे वाचायची. कॉन्व्हेंटमध्ये मराठी बोललं की दंड, त्यामुळे माझं मराठी त्या गठ्ठ्यांवरच झालं. चुका दिसल्या तर सांभाळून घ्या!

त्यातला सगळ्यात जाड गठ्ठा 'लोकमत'चा. १९१८ मध्ये लोकनायक बापूजी अणे यांनी यवतमाळला साप्ताहिक म्हणून ते काढलं. पुढे ते बंद पडलं. १९५२ मध्ये जवाहरलाल दर्डांनी पुन्हा सुरू केलं आणि १५ डिसेंबर १९७१ पासून ते नागपूरचं दैनिक झालं. १९८२ ला औरंगाबाद (आताचं छत्रपती संभाजीनगर), मग एकेक आवृत्ती. यातली खरी युक्ती साधी आहे. मुंबई-पुण्याच्या पेपरला सडक अर्जुनी तालुका कुठे आहे तेच माहीत नव्हतं. यांनी तालुक्याची बातमी तालुक्यालाच विकली. धानाचा भाव, पाण्याची बोंब, शाळेचा निकाल, सगळं छापलं. हे श्रेय द्यायलाच हवं.

पण मालक कोण? जवाहरलालजी राज्यात काँग्रेसचे मंत्री, एक मुलगा १९९८ ते २०१६ राज्यसभेत, दुसरा राज्याचा शिक्षणमंत्री होता. 'सकाळ' १९३२ मध्ये नानासाहेब परुळेकरांनी काढला, १९८५ मध्ये तो पवार कुटुंबाकडे गेला. मी म्हणत नाही की यात काही बेकायदा आहे. पण मंत्र्याची बातमी मंत्र्याच्याच घरात छापली जात असेल तर वाचणाऱ्याला ते माहीत असावं ना?

नॉर्वेत शिबस्टेड नावाचा मोठा वृत्तपत्र समूह आहे, १८३९ पासूनचा. त्याच्या मालकांपैकी टिनियस नागेल-एरिक्सेन यांनी १९९६ मध्ये आपले शेअर्स एका ट्रस्टकडे दिले, हेतू हा की पेपर कोणाच्या खिशात जाऊ नयेत. २०२४ मध्ये त्या ट्रस्टने समूहाची वृत्तपत्रं पूर्ण विकतच घेतली. ट्रस्ट म्हणजे फॉरेनचीच चीज असंही नाही, पुण्याचा 'केसरी' ट्रस्टचाच. पण तो मी कोहमाऱ्यात कधी पाहिला नाही. म्हणजे स्वातंत्र्य एकीकडे आणि गाडी दुसरीकडे, असा आपला घोळ आहे.

वर मालक, आणि अगदी खाली माझे काका. ते एका पेपरचे (नाव सांगत नाही) वार्ताहर आहेत. पगार नाही, जाहिरातीवर कमिशन. एकदा चौकात ट्रकखाली एक सायकलवाला गेला, काकांनी रात्रीच बातमी पाठवली. दुसऱ्या दिवशी ती चार ओळींत आली, आणि शेजारी पुढाऱ्याच्या वाढदिवसाची अर्ध्या पानाची जाहिरात. तीही काकांनीच मिळवलेली! मी चिडले तर म्हणाले, "अवं पोरी, त्या जाहिरातीतूनच तुझ्या हॉस्टेलचे पैसे दिले ना!"

यावर मला उत्तर सुचलं नाही, अजून सुचलेलं नाही.

रेक्टर सरांना एवढीच विनंती, की आपल्या रीडिंग रूममध्ये एकच मराठी पेपर येतो, तिथे वेगळ्या मालकाचा आणखी एक लावा. वर्गणी आम्ही मुली देऊ. आणि पंधरा ऑगस्ट जवळ आला आहे, काका सध्या शुभेच्छांच्या जाहिराती गोळा करत फिरताहेत.